गार इंजिन

धुडकू मिस्तरी म्हणाला, न सांगता जा, पहाटेच.
तापलेलं इंजिन गोड बोलतं,
खरं काय ते गार इंजिन सांगतं.

म्हणून डिसेंबरात, पावणेसहाला, कानाला मफलर गुंडाळून
मी देवपुरात, बोरशांच्या फाटकापाशी.
आत ताडपत्रीखाली ती.
दोन दारं, दोन सीट, पिवळी.
हळदीची पिवळी नव्हे,
डेपोतल्या जुन्या पाट्यांवर अक्षरं असायची, ती पिवळी.

सत्तावीस वर्षं मी एसटीच्या कार्यशाळेत रजिस्टर लिहिलं:
गाडी क्रमांक, किलोमीटर, ऑइल किती प्यायली,
आणि शेवटचा रकाना, शेरा.
इंजिन उतरवावे.
चालू द्यावे.
निर्लेखित.
एवढ्यात शेकडो गाड्यांचं भागवलं
आणि संध्याकाळी लुनाला किक मारून घरी.

मागच्या रविवारी मिस्तरीने गेज लावलं.
एकशे साठ. एकशे अठ्ठावन्न. एकशे अठरा. एकशे साठ.
‘तिसरा दख, ताई,’ तो म्हणाला. ‘थकेल शे. मरेल नही.’
मग हात पुसत पुसत हिशोब:
रिंगा, बेअरिंग, स्लीव्ह, हेड घासायचं,
सामान बाहेरच्या देशातून, दोन महिने तरी,
खर्च जवळपास गाडीएवढाच.
नाहीतर आठशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पाजत राहा.
म्हैस पेंड मागते, ही ऑइल मागेल,
ही दूध देणार नाही, एवढाच फरक.

कुमुदला सांगितलं तर ती विचारते, दळणाचा डबा कुठे ठेवशील?
धाकटी बहीण आहे. प्रश्न बरोबरच विचारते.
मी उत्तर दिलं नाही, टेप घेऊन मोजमाप केलं.
गाडीचं पोट जमिनीपासून अकरा सेंटिमीटर,
आमच्या गल्लीतला गतिरोधक तेरा.

पण लळिंगच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये,
काटा चार हजारांच्या पुढे गेला
तेव्हा पाठीला कुणी तळहात लावल्यासारखं झालं,
चल, म्हणाल्यासारखं.
मला असं कुणी म्हटलेलं नव्हतं,
निदान पाठीमागून तरी नाही.
आरशात किल्ला होता
आणि किल्ल्यावर निळसर धूर, आमचाच.

तर फाटक उघडंच होतं.
ताडपत्री उचलून बॉनेटवर हात ठेवला.
कोमट.
कुणी नुकतंच उठून गेलेलं अंथरूण असतं, तसं.
टायरला ओली माती.
मनात म्हटलं, लबाड.
इतकी वर्षं ड्रायव्हरांची कारणं ऐकून
हा शब्द माझ्या जिभेवर आधीच तयार असतो.

पराग बोरसे ओट्यावर आला, हातात चहा,
केस मागे उडालेले, डोळ्यांत गार वाऱ्याचं पाणी.
‘रोज एक चक्कर मारतो,’ म्हणाला. ‘सोनगीरपर्यंत.
आता किती दिवस मिळेल, म्हणून.’

खरं असेल.
किंवा धुडकूसारखा एखादा मिस्तरी
त्यालाही असेल.

त्याने दुसरा कप आणला. मी घेतला.
बॉनेट हळूहळू गार होत गेलं,
मधूनच टिक, टिक, लोखंड आकसताना करतं तसं,
आणि आम्ही दोघं ते ऐकत राहिलो,
किमतीचं कुणीच काढलं नाही.

घरी येऊन जुन्या वहीच्या मागच्या पानावर
सगळे रकाने भरले.
क्रमांक. एक्क्याऐंशी हजार चारशे. ऑइल: पिते.
शेऱ्यात ‘चालू द्यावे’ लिहिलं, खोडलं,
‘उतरवावे’ लिहिलं,
तेही बघवेना.

आज पारोळा रोडवरून येताना
लिटरभर ऑइलचा डबा घेतला.
स्वयंपाकघरात, दळणाच्या डब्याशेजारी ठेवलाय.
कुमुद दोनदा बघून गेली.
गाडी अजून माझी नाही.